डॅकचं फर्मवेअर अपडेट करावं का? करायचं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला राहणाऱ्या एका वाचकाकडे टेबलावर ठेवायचा डॅक आहे, म्हणजे डिजिटल गाण्याचं अँप्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. लॅपटॉपवरून गाणी लावली की एका अल्बममधून दुसऱ्यात जाताना कधीकधी 'टक्' असा आवाज येतो आणि पुढच्या गाण्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं. मोबाइलला जोडला तर ओळखतच नाही. कंपनीनं नवं फर्मवेअर, म्हणजे डॅकच्या आतल्या चिपा चालवणारा प्रोग्रॅम, दिलंय. पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, टाकून घे, माझा आवाज एकदम मोकळा झाला. पण यांच्या भागात यंत्रमाग, वीज कधी डुलकी घेईल याचा नेम नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर पंचवीस हजारांच्या वस्तूचा डबा होईल का, ही भीती.

आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. 'टक्' साठी कदाचित अपडेट करावं लागेल. मोबाइलसाठी बहुधा नाही. आवाज मोकळा व्हावा म्हणून तर मुळीच करू नका. आणि वीज गेल्यावर डबा होईल की नाही, हे तुमच्या डॅकच्या पोटात काय बसवलंय त्यावर आहे. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. सव्वीस वर्षांपूर्वी कॅसेट डेक आणि अँप्लिफायरपासून सुरुवात केली, आता आठवड्याला एक तरी डॅक येतोच. त्यातले बरेच बिघडलेले नसतात, मालकानं अर्धवट अपडेट करून आणलेले असतात.

'डॅकचं फर्मवेअर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जाहिरातीतली ती चिप येते, ईएसएस किंवा एकेएम या कंपन्यांची. तिच्यात आपण काहीच टाकत नाही. वीज आली की ती रोज कोऱ्या पाटीसारखी उठते. शेजारी एक छोटा कंट्रोलर बसलेला असतो, तो तिला दोन तारांवरून सांगत राहतो: हा फिल्टर लाव, आवाज इतका ठेव, आता गप्प बस, आता बोल. फर्मवेअर असतं ते या कंट्रोलरमध्ये. दुसरं असतं यूएसबीवरून येणारं गाणं उतरवून घेणाऱ्या चिपमध्ये. बऱ्याच डॅकमध्ये ही चिप एक्समॉस कंपनीची असते. ब्लूटूथ असेल तर त्याच्या चिपमध्ये तिसरं. म्हणजे एका डब्यात दोन-तीन स्वतंत्र फर्मवेअर, आणि कंपनीच्या पानावरची फाइल त्यातल्या नेमक्या कुठल्याची आहे, हे वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. यूएसबीच्या फर्मवेअरचा आवृत्ती-आकडा ड्रायव्हरच्या खिडकीत दिसतो, कंट्रोलरचा डॅकच्या डिस्प्लेवर. दोन्ही आकडे वेगळे दिसले म्हणून घाबरून फोन करणारे आठवड्याला दोघं असतात. ते वेगळेच असायचे.

आता तुमच्या 'टक्' कडे येतो, कारण खरी गंमत तिथं आहे. सीडीवरून आलेली गाणी ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची; हाच सॅम्पल रेट. व्हिडिओचा आवाज ४८ चा, आणि हाय-रेझ म्हणून मिळणाऱ्या फाइली कधी ८८.२ च्या, कधी ९६ किंवा १९२ च्या. ही दोन घराणी आहेत, ४४.१ च्या पटीतलं आणि ४८ च्या पटीतलं, आणि एकाचा ठेका दुसऱ्याला चालत नाही. म्हणून बऱ्या डॅकमध्ये ठेका धरणारे दोन वेगळे ऑसिलेटर असतात. २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झ, किंवा त्यांच्या दुपटी-चौपटीचे. दोन्ही आकड्यांना ५१२ नं भागून बघा, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ बरोब्बर निघतात. गाण्याचं घराणं बदललं की कंट्रोलरला आउटपुट म्यूट करायचं असतं, एका ऑसिलेटरवरून दुसऱ्यावर जायचं असतं, नव्या ठेक्यावर सगळं स्थिरावेपर्यंत थांबायचं असतं आणि मग म्यूट सोडायचं असतं. फार लवकर सोडलं तर स्पीकरमधून 'टक्'. फार उशिरा सोडलं तर पहिलं अक्षर गेलं. तुमच्या दोन्ही तक्रारी म्हणजे एकाच थांबण्याच्या वेळेचा हिशेब चुकलाय, आणि ही वेळ फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. अशी गोष्ट अपडेटनं खरोखर सुधारते.

पण त्याआधी दोन गोष्टी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. अँप्लिफायर बंद करा, फक्त डॅक चालू ठेवा, डब्याजवळ कान नेऊन गाणं बदला. 'टक्' तरीही ऐकू आलं, आणि ते डब्यातूनच आलं, तर तो आतला रिले आहे. रिले म्हणजे खटका, तो वाजणारच. तो स्पीकरचं रक्षण करतो. त्याला कुठलंही फर्मवेअर नको. अँप बंद असताना काहीच ऐकू येत नसेल आणि चालू केल्यावर स्पीकरमधून येत असेल, तर दुसरी गोष्ट करा. प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड किंवा आसिओ (विंडोजला वगळून गाणं थेट डॅककडे पाठवणाऱ्या सोयी) निवडलेलं असेल तर ते काढा आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये डॅकचा डिफॉल्ट फॉरमॅट २४ बिट, ४८००० ठेवून द्या. आता विंडोज प्रत्येक गाणं त्याच ठेक्यावर बदलून पाठवेल, डॅकला घराणं बदलावंच लागणार नाही. 'टक्' गेलं? मग निदान पक्कं. आणि माझ्या जबाबदारीवर सांगतो, या सेटिंगवर तसंच राहिलात, अपडेटच्या वाटेला गेलाच नाहीत, तरी बैठकीच्या खोलीत बसून ऐकताना तुम्हाला फरक कळणार नाही. हे वाक्य वाचून काही जण माझ्यावर चिडतील. चिडोत.

मोबाइलचं वेगळं. डॅक फोनला दिसत नाही, याचं कारण फर्मवेअर फार क्वचित निघतं. बऱ्याच फोनमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरची उपकरणं जोडायची सोय, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि काही फोन थोडा वेळ काही जोडलं नाही की ते आपणहून बंदही करतात. त्यानंतर केबल. चार्जरबरोबर येणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, नुसती वीज जाते. तिसरं म्हणजे, तुमचा डॅक यूएसबीतूनच वीज घेणारा असेल तर फोन तितकी द्यायला तयार नसतो. अशा वेळी अ‍ॅडॉप्टरची वेगळी जागा असेल ती वापरायची. चौथं, सेटिंगमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास एक आणि दोन असा पर्याय आहे का बघा. क्लास एक १९९८ चा, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातो, पण जवळजवळ कशालाही जोडला तरी चालतो. क्लास दोन २००६ चा. विंडोजनं त्याचा स्वतःचा ड्रायव्हर थेट २०१७ मध्ये, विंडोज दहाच्या १७०३ आवृत्तीत दिला, म्हणून तर त्याआधीच्या डॅकबरोबर ड्रायव्हरची सीडी येत असे. फोनसाठी एकदा क्लास एक लावून बघा.

आता चुलतभावाचा मोकळा आवाज. त्यांना खोटं पाडायचं नाही, त्यांना ते खरंच ऐकू आलं असेल. अपडेटनंतर बऱ्याचदा सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात. आधी कधीतरी बटणं दाबताना त्यांनी स्लो रोल-ऑफ फिल्टर लावून ठेवलेला असेल. त्यात सीडीच्या फाइलींचा वरचा टोकाचा भाग, पंधरा-वीस किलोहर्ट्झचा, जरासा दबतो. अपडेटनं फास्ट फिल्टर परत आला. आवाजाची पातळीही परत आली, आधी जराशी खाली होती ती शून्यावर. अर्धा-एक डेसिबल जास्त असलं तरी कान 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. दुकानदार याच्यावरच स्पीकर विकतात. फर्मवेअर आवाज बदलू शकतं ते एवढ्याच वाटांनी, डॅक चिपला दिलेले हुकूम बदलून. फिल्टर, पातळी, म्यूटची वेळ, आणि ईएसएसच्या चिपांमध्ये येणाऱ्या सिग्नलच्या ठेक्याशी जुळवून घेणारा एक भाग असतो, त्या डीपीएलएलची रुंदी. ही शेवटची टीव्हीवाल्यांच्या कामाची. सेट-टॉप बॉक्सवरून ऑप्टिकल केबलनं जोडल्यावर आवाज मधूनमधून तुटत असेल तर ती रुंदी वाढवली की थांबतं. काही डॅकमध्ये ते मेनूतच असतं, काहींना अपडेटनं मिळतं. बाकी स्पीकरमधली घूं घूं, पंखा चालू केल्यावर येणारी चरचर, जुन्या वाड्यातलं अर्थिंग, हे फर्मवेअरचं खातं नाही.

म्हणून माझा नियम सरळ आहे. फाइलीसोबत बदलांची यादी असते ती वाचा. तुमची तक्रार तिच्यात जवळजवळ तुमच्याच शब्दांत असेल, 'सॅम्पल रेट बदलताना येणारा पॉप कमी केला' अशी (पॉप म्हणजे तुमचं 'टक्'), तर अपडेट करा. यादीत नुसतं 'ध्वनीचा दर्जा सुधारला, स्थिरता वाढवली' असं असेल तर थांबा. यादीच नसेल तर फाइल उतरवूच नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे डब्याच्या बुडाशी असलेलं स्टिकर. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या चिप कारखान्याला आग लागली. जगभरच्या डॅक बनवणाऱ्यांना चिपा मिळेनाशा झाल्या आणि अनेकांनी आपली चालू मॉडेलं दुसऱ्या चिपांवर, बहुतेक ईएसएसवर, नव्यानं मांडली. काहींनी नाव बदललं, काहींनी नावापुढे एखादं अक्षर जोडलं, काहींनी बाहेरचा डबा तोच ठेवला. याचा दणका मी स्वतः खाल्लाय. जुळे सोलापुरातले दोन मेहुणे, दोघांचे डॅकही जुळे, रंगसुद्धा एकच. पहिल्याचं अपडेट नीट झालं. दुसऱ्याला मी तीच फाइल दिली, कारण घाईत होतो आणि डबा ओळखीचा होता. अपडेट शंभर टक्के झालं, डिस्प्ले लागला, लॅपटॉपनं ओळखलं, गाण्याची रेघ पुढे सरकायला लागली, आणि आवाज शून्य. स्टिकर बघितलं तेव्हा हार्डवेअर आवृत्तीचा आकडा वेगळा. कंट्रोलर बिचारा एकेएमच्या चिपला तिच्या पत्त्यावर हुकूम पाठवत होता, आणि त्या घरात राहायला ईएसएसची चिप आली होती. यूएसबीचा भाग शाबूत होता म्हणून योग्य फाइल टाकून परत आणता आला. पण ती रात्र मी जेवलो नाही.

तेव्हा हार्डवेअर आवृत्ती, सीरियल नंबरची सुरुवात आणि आत्ता असलेल्या फर्मवेअरचा आकडा, तिन्हीचे फोटो काढून ठेवा. कंपनीच्या पानावर 'अमुक सीरियलपासून पुढच्यांसाठी' असं असतं, ते याच्याशी ताडून बघा. फाइल कंपनीच्याच पानावरून घ्या. कुणाच्या तरी ड्राइव्हवरची, टेलिग्रामवरची नको, कितीही भला माणूस असो. आणि जुनी आवृत्तीही तिथं उपलब्ध असेल तर ती आधी उतरवून ठेवा. परत जायची वाट असेल तरच पुढं जायचं.

आता वीज. फर्मवेअर साठवलेलं असतं ते फ्लॅश मेमरीत; अपडेट म्हणजे तिच्यातलं आधी पुसायचं आणि मग नवं लिहायचं. पुसलंय आणि अजून लिहून झालं नाही, एवढाच काळ धोक्याचा, बहुतेक ठिकाणी मिनिटभराच्या आतबाहेर. एक्समॉसच्या चिपेबरोबर साधारणपणे चांगली सोय असते. कारखान्यात टाकलेली मूळ प्रत फ्लॅशमध्ये तशीच राहते, अपडेट तिच्या पुढच्या जागेत लिहिलं जातं. चालू होताना नवी प्रत तपासली जाते. अर्धवट निघाली तर मूळ प्रत उठते. कंपनीनं ही मांडणी मोडलेली नसेल तर वीज गेली तरी डॅक जुन्या आकड्यानं परत चालू होतो, फक्त अपडेट पुन्हा करावं लागतं. कंट्रोलरचं तसं नसतं. त्यात बऱ्याचदा एकच प्रत मावते. तिथं वीज गेली तर डॅक उठत नाही. पण बऱ्याच डॅकमध्ये कंट्रोलर एसटीएम३२ जातीचा असतो, आणि त्या चिपेच्या रॉममध्ये एक बूटलोडर, म्हणजे नवं फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, कारखान्यातूनच कोरलेला असतो, तो कुणालाच पुसता येत नाही. बूट-झिरो नावाची पिन ३.३ व्होल्टला लावून चालू केलं, आणि त्या चिपेच्या यूएसबीच्या तारा बाहेरच्या सॉकेटपर्यंत आणलेल्या असल्या, की ती पुन्हा यूएसबीवर दिसते. नसतील आणल्या तर बोर्डावरच्या टोकांना तारा लावून तेच काम करावं लागतं. म्हणजे तुमच्या भीतीचं उत्तर असं: डबा होऊ शकतो, पण कायमचा क्वचितच होतो. मात्र परत आणायला झाकण उघडावं लागतं आणि मग वॉरंटी गेली.

आपल्याकडचा घोटाळा निराळा आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून माणूस निश्चिंत असतो, पण डॅक भिंतीवरच्या अ‍ॅडॉप्टरवर. वीज गेली की लॅपटॉप चालू, डॅक बंद, अपडेट मध्येच लटकलं. इन्व्हर्टर आहे म्हणून भरवसा ठेवू नका. इन्व्हर्टरच्या मागं एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. इकोवर असेल तर व्होल्टेज बरंच खाली जाईपर्यंत तो थांबतो आणि मग सावकाश बॅटरीवर येतो. पंखा-ट्यूबला ते चालतं, डॅक तेवढ्यात झोपतो. माझ्याच टेबलावर असं झालंय. कंट्रोलरचं अपडेट चालू, पलीकडच्या लूमच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, ट्यूब एकदा मिचकली, बस. तो डॅक मी बूट-झिरोनंच उठवला. तेव्हापासून डॅक आणि लॅपटॉप दोन्ही कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर, आणि तो नसेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर. तुम्ही पूर्व भागाच्या बाजूला असाल तर माग चालू असताना करूच नका. रात्री उशिरा नाहीतर पहाटे करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तर नकोच. ऊन बेचाळीसच्या पुढं गेलं की विजेचा भार वाढतो, आणि संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून आलं की काय होतं ते सोलापूरकराला मी सांगायला नको.

केबलबद्दल एक गंमत, कारण महागड्या केबली विकणारे इथंही येतात. गाणं यूएसबीवरून जातं तेव्हा एखादा तुकडा बिघडला तर तो परत मागवला जात नाही, तशी सोयच त्या पद्धतीत नाही, कारण वेळ गाठायची असते. फर्मवेअर जातं ते वेगळ्या पद्धतीनं, तिथं प्रत्येक तुकड्याची पोच मिळते आणि बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे साध्या केबलनं फर्मवेअर गुपचूप बिघडेल ही भीती नको. केबल घट्ट बसणारी असली पाहिजे, एवढंच. सैल सॉकेट, टेबलाला गुडघा लागणं, पायात घोटाळणारं मांजर, हे खरे शत्रू. मीटरभराची केबल घ्या. थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, मध्ये हब नको. डेस्कटॉप असेल तर मागचं पोर्ट वापरा, पुढचं नको.

प्रत्यक्ष काम असं करा. पहिली गोष्ट, अँप्लिफायरची तार डॅकपासून काढून ठेवा, हेडफोनही. अपडेट झाल्यावर पातळी पुष्कळदा पूर्ण वर येते, आणि पॉवर अँपला थेट जोडलेला डॅक शून्य डेसिबलवर, म्हणजे पूर्ण आवाजावर, उठला तर ट्विटर, स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा, जातो. असे दोन ट्विटर मी बदललेत, दोन्ही अपडेटनंतरचे. मग लॅपटॉपचं डिफॉल्ट आउटपुट डॅकवरून काढून लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर ठेवा. ब्राउझर, प्लेअर, व्हॉट्सअ‍ॅप सगळं बंद. डॅक कुणीतरी धरून ठेवला असेल तर अपडेटचं साधन सुरूच होत नाही, नाहीतर मधेच एखादी टिंग वाजवायला विंडोज तिथं जातं. स्लीप बंद, विंडोजचं स्वतःचं अपडेट थांबवून ठेवा. कंपनीचा ड्रायव्हर बसवलेला हवा. विंडोजच्या अंगच्या ड्रायव्हरवर गाणी वाजतात, पण बऱ्याच कंपन्यांची अपडेटची साधनं स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय डॅकला बघतच नाहीत. मॅकवाल्यांनो, बहुतेक साधनं फक्त विंडोजवर चालतात, शेजाऱ्याचा लॅपटॉप मागा.

फाइल निवडली, सुरू दाबलं. थोड्या वेळानं विंडोज 'टुडुंग' करून सांगेल की डॅक निघून गेला. इथंच माणसं चुकतात. त्यांना वाटतं बिघडलं, आणि घाबरून केबल ओढतात. बिघडलेलं काही नसतं; डॅकनं नेहमीचा वेश उतरवून डीएफयूचा चढवलेला असतो. फर्मवेअर घेण्याची ही एक ठरलेली पद्धत आहे, तिची १.१ ही आवृत्ती २००४ पासून चालत आलीय. डॅक त्या वेशात पुन्हा दिसतो, फर्मवेअर घेतो, पुन्हा एकदा 'टुडुंग' करून मूळ वेशात येतो. माझ्याकडे येणाऱ्या अर्धवट डॅकपैकी निम्म्याहून अधिक या पहिल्या 'टुडुंग' चे बळी असतात. रेघ शून्यावर किंवा शंभरावर अडकलेली दिसली तरी दहा मिनिटं हात बांधून बसा. चहा ठेवा. खरंच ठेवा, उठून गेलात की केबलकडे हात जात नाही.

झालं असं दिसलं की डॅकची वीज पूर्ण काढा, नुसतं पुढचं बटण नाही, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. मेनूत फॅक्टरी रीसेट असेल तर एकदा करा, कारण जुन्या सेटिंग नव्या फर्मवेअरला कधी चुकीच्या वाचल्या जातात. आवाज अगदी खाली आणा, मगच अँप जोडा. विंडोजमध्ये डॅक दिसतो पण वाजत नाही असं झालं तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुनी नोंद काढून केबल पुन्हा लावा. मग ऐका: आधी डावं-उजवं बरोबर आहे का, मग ४४.१ आणि ९६ ची गाणी आलटून पालटून. शेवटी मी नुसता तानपुरा लावतो, पाच मिनिटं. जवारीचा आवाज अखंड असतो, त्यात केसाएवढा खंड पडला तरी कान टवकारतो. ढोल-ताशात दहा खंड पडले तरी कळत नाहीत.

आणि नाहीच उठला तर? पुन्हा पुन्हा अपडेट मारत बसू नका. लॅपटॉपला जोडा आणि डिव्हाइस मॅनेजर बघा. नावात डीएफयू किंवा बूटलोडर असलेलं काहीही दिसलं, पिवळ्या त्रिकोणासकट का असेना, तर डॅक जिवंत आहे आणि योग्य फाइल मिळाली की परत येईल. काहीच दिसलं नाही तर आधी केबल बदलून, दुसऱ्या लॅपटॉपवर बघा. त्यावरही नाही तर झाकण उघडायचं काम, ते घरी करू नका. आत सरळ २३० व्होल्टचा पुरवठा असलेले डॅक असतात. हल्ली व्हिडिओ बघून सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रामर मागवतात आणि फ्लॅशवर क्लिप लावतात. त्याच्या काळ्या बोर्डाच्या डेटाच्या तारांवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट येतात, हे त्या व्हिडिओत नसतं. फर्मवेअर राहिलं बाजूला, फ्लॅश आणि शेजारची चिप दोन्ही भाजलेला एक डॅक माझ्या कपाटात सुट्या भागांसाठी पडून आहे.

तर तुम्ही आज एवढंच करा: अँप बंद करून 'टक्' कुठून येतं ते ऐका, फॉरमॅट ४८००० वर ठेवून आठवडाभर वाजवा, फोनचं ओटीजी तपासा. आठवड्यानंतरही अपडेट करावंसं वाटलं, आणि बदलांच्या यादीत तो पॉप सापडला, तर वर लिहिल्याप्रमाणे घरीच करा, तुम्हाला जमेल. धीर होत नसेल तर बुडाच्या स्टिकरचा फोटो घेऊन टेबलावर या. येताना डॅकचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आणा. तो सगळेच विसरतात, आणि माझ्याकडचा दुसरा लावता येत नाही. काहींना १२ व्होल्ट डीसी लागतात, काहींना १५ व्होल्ट एसी, आणि पिन दोन्हीची सारखीच असते.